वेणीचे तक्ते

पद्माबाईंना एसटीत झोप लागत नसे, पण त्या दिवशी विट्याच्या पुढं लागली. मांडीवर तक्त्यांची गुंडाळी आडवी, तिच्यावर दोन्ही हात आणि डोकं खिडकीच्या गजाला टेकलेलं. मायणीला कंडक्टरनं हाक मारली तेव्हा त्या दचकून उठल्या आणि आधी गुंडाळी चाचपली. गालावर गजाचा वळ उठला होता. मार्चचं ऊन, गाडीत घामाचा आणि कोथिंबिरीच्या जुड्यांचा वास, आणि दहिवडी अजून लांबच होती.

दहिवडीला भाऊसोंचं शालेय साहित्याचं दुकान. वह्या, खडू, घंटा, पृथ्वीचे गोळे आणि तक्ते. पद्माबाईंच्या घरचे तक्ते तिथं वर्षानुवर्षं एसटीच्या पार्सलनं जात आणि माण तालुक्यातल्या शाळाशाळांतून भिंतीवर लागत. कधी तक्रार आली नव्हती. मागच्या आठवड्यात मात्र सगळे तक्ते परत आले, वर बांधलेली दोरीसुद्धा तीच. का, कशासाठी, काही नाही. फोन करावा तर दुकानात फोन नव्हता. तेव्हा पद्माबाईंनी एक संच काखेला मारला, शेजारणीला सांगून घरी सरांच्या जेवणाची सोय लावली आणि सकाळची गाडी पकडली. या वयात हे असलं आपल्या वाट्याला यावं याचा त्यांना राग येत होता, पण राग करायलाही अंगात थोडी ताकद लागते.

सर म्हणजे त्यांचे यजमान, चिंतामण सर. सांगलीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या मास्तरांनी मागून घ्यायचा तास, त्यामुळं सरांकडं वेळ भरपूर असे. त्या वेळात त्यांनी शाळेसाठी मुळाक्षरांचा तक्ता काढला. तो शेजारच्या शाळेनं मागितला, मग तासगावच्या, मग कवठे महांकाळच्या. मांजरपाटाच्या कापडावर पांढरा हात मारायचा, तो वाळला की ऑइलपेंटनं चित्र, वर-खाली लाकडी पट्ट्या. गावभागातल्या त्या दोन खोल्यांत कधी रॉकेल नि रंगाचा वास नव्हता असा दिवस पद्माबाईंना आठवत नाही. लग्न होऊन आल्या तेव्हा पहिले चार महिने त्यांचं डोकं दुखायचं. मग दुखायचं थांबलं, किंवा दुखतंय हे कळायचं थांबलं.

सर स्वभावानं गरीब, पण तक्त्यांच्या बाबतीत हट्टी म्हणजे हट्टी. किनार गेरूच्या रंगाची, दोन बोटं रुंद. अक्षर काळं, एकाच वळणाचं. चित्रात तीनच रंग. आणि प्रत्येक तक्त्याच्या उजव्या अंगाला एक मुलगी उभी. पांढरा झगा, लाल फितींच्या वर बांधलेल्या दोन वेण्या. मुळाक्षरांच्या तक्त्यात ती 'अ'कडं बोट दाखवी, शरीराच्या तक्त्यात स्वतःच्या कोपराकडं, नकाशात कृष्णा नदीकडं. तक्ता कुठलाही असो, मुलगी तीच, आणि हसूही तेच. डाव्या ओठाचा कोपरा किंचित वर, आत्ताच काहीतरी गंमत कळली आहे आणि ती सांगायची की नाही याचा विचार चालला आहे असं. खाली कोपऱ्यात लहानशी पाटी आणि पाटीवर 'चिं'. गुरुजी मंडळी नाव-गाव विचारायच्या भानगडीत पडत नसत. 'वेणीचे तक्ते द्या' म्हणत.

ही मुलगी कुणावरून काढली ते सरांनी कधी सांगितलं नाही. सासूबाई मात्र म्हणायच्या, "अगं, तू लग्नात अश्शीच दिसायचीस." पद्माबाई लाजून तो विषय टाळत.

लोकांच्या मागण्या काय कमी होत्या? एका हेडमास्तरांना मुलीऐवजी टोपीवाला मुलगा हवा होता. एकांना किनार हिरवी पाहिजे होती, कारण शाळेच्या खिडक्या हिरव्या. दर वर्षी काहीतरी नवं द्या, गिऱ्हाइकाला नवं लागतं, असा सल्ला देणारे तर पायलीचे पन्नास. सर कुणालाच बधले नाहीत. "पोरगं आज एका गावात शिकतं, उद्या बापाबरोबर दुसऱ्या गावाला जातं," ते म्हणायचे. "तिथं मास्तर नवा, पोरं नवी, भाषासुद्धा थोडी नवी. भिंतीवर एक तरी ओळखीचं माणूस नको का त्याला?"

एकोणनव्वदच्या दिवाळीनंतर सरांची उजवी बाजू गेली. त्याआधी किनारी भरणं, अक्षरं गिरवणं पद्माबाईच करायच्या. आता मुलगीही त्यांच्याकडं आली. त्यांनी ती पहिल्याच झटक्यात अशी हुबेहूब काढली की सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाजारात कुणाला पत्ताही लागला नाही. पद्माबाईंनी लपवलं नाही आणि सांगितलंही नाही. 'चिं' तसंच राहिलं. सकाळी सरांचं अंघोळ-पाणी, मग स्वयंपाक, मग तक्ते, मग पुन्हा सरांना कुशीवर वळवणं, मग पुन्हा तक्ते. मुलगी भार्गवी नगरला दिलेली, तिचा तिचा संसार. घरचं झालं थोडं तर व्याह्यानं धाडलं घोडं अशी गत. तयार झालेला तक्ता त्या सरांपुढं धरायच्या, सर बघायचे आणि जड जिभेनं म्हणायचे, "ठीक." मग गुंडाळी.

एक चूक मात्र झाली. सरांचा दंडक असा होता की एक संच घरचा. सगळ्यात पहिला, त्यांच्या हातचा. तो पत्र्याच्या पेटीत कडुनिंबाच्या पाल्यात राहायचा, पुढचा प्रत्येक संच त्याच्यावरून निघायचा आणि तो काही झालं तरी विकायचा नाही. सर पडल्यानंतर दोन-तीन वर्षांनी कुंडलच्या एका शाळेतले गुरुजी दारात आले. तपासणी तोंडावर, भिंती उघड्या, काहीही करा पण द्या. तयार संच नव्हता. सरांना ताप होता. पद्माबाईंनी पेटी उघडली आणि घरचा संच देऊन टाकला. हातात आहे की सगळं, असं त्यांना वाटलं. तेव्हापासून त्या आधीच्या संचावरून पुढचा संच काढू लागल्या. कालच्या दह्याचं विरजण आजच्या दुधाला, आजच्याचं उद्याच्या. रोज खाणाऱ्याला कळत नाही दही कधी आंबट झालं ते.

दुकानात भाऊसो खडूची खोकी मोजत होते. बाकावर एक गुरुजी चहाची बशी हातात धरून बसले होते.

"या वैनी. कुठनं आलासा?"

"सांगलीहून. तक्त्यांचं पार्सल परत आलं, त्याचं विचारायला आले."

भाऊसोंचा चेहराच बदलला. "बरं झालं आलासा. तुमच्या मालकाला सांगा, असली नक्कल हितं खपत न्हाई. आमी सरांचा माल कवापासनं इकतोय. डोळं झाकून हात फिरीवला तरी वळखीन मी."

"नक्कल?"

"मंग काय तर! शाळांनी परत आणून टाकला, माझी लाज गेली." त्यांनी मागच्या खुंटीवरून एक तक्ता उतरवला आणि गल्ल्यावर पसरला. "ह्यो बघा, ह्यो सरांचा. आता छापून घेत्यात. गुळगुळीत. फडकं मारलं की झालं."

तक्ता छापील होता. चकचकीत कागद, गेरूची किनार, काळं अक्षर, कोपऱ्यात पाटी, पाटीवर 'चिं'. आणि 'अ'कडं बोट दाखवत ती मुलगी हसत होती. पद्माबाई बघतच राहिल्या. किनारीच्या खाली, डाव्या बाजूला, एक फिकट पिवळा ठसा होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्या पोळीभाजी करता करता तक्ता बघायला गेल्या होत्या आणि हळदीचं बोट लागलं होतं. सर तेव्हा एक शब्दही बोलले नव्हते, नुसते हसले होते. घरच्या संचाला कुणीतरी कॅमेऱ्यापुढं धरलं होतं आणि त्या बोटासकट छापलं होतं. त्यांच्या बोटाचा ठसा आता किती भिंतींवर असेल कुणास ठाऊक.

त्यांनी उजव्या हाताचं बोट त्या ठशावर ठेवलं. "हे माझं बोट आहे भाऊसो. हळदीचं. मी पद्मा, सरांची बायको. हे छापलेलं आमच्या घरच्या तक्त्यावरून उचललंय कुणीतरी. परत आलेले आहेत ते आमचे."

भाऊसोंनी एकदा बोटाकडं पाहिलं, एकदा त्यांच्याकडं. मग गडबडीनं गल्ल्यामागून बाहेर आले आणि स्टूल पुसून पुढं केलं. "वैनी, माफी करा. मला ठावं न्हवतं. ज्यानं छापील आणून टाकलं त्यो म्हणाला, सर वारलं, आता घरची माणसं छापून घेत्यात, हातानं काढल्यालं पार्सल येईल ते दुसऱ्याच कुनाचं तरी."

"आहेत," पद्माबाई म्हणाल्या. "सर आहेत."

चहा आला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच, असं म्हणून भाऊसोंनी त्या छापणाऱ्याला चार शिव्या हासडल्या. पद्माबाईंना वाटलं, चला, मिटलं. पण बाकावरचे गुरुजी घसा खाकरत पुढं सरकले. लालासाहेब त्यांचं नाव. तालुक्यातल्या एका वाडीवर चारी इयत्तांना एकटेच शिकवायचे.

"वैनी, रागावू नगा. तुमी खऱ्या, त्यो चोर, समदं मान्य. पर पोरं तुमच्या ह्या पोरीला वळखत न्हाईत."

"म्हणजे?"

"आमच्याकडं धुळा म्हणून मेंढका हाय. त्येची रेश्मा माझ्याकडं दुसरीला. दिवाळीनंतर त्यांची मेंढरं कृष्णाकाठाला उतरत्यात, तवा ती तिकडंच कुंडलच्या शाळंत बसती. पैल्यांदा गेली तवा भितीवर ही हासरी पोर दिसली म्हणून रडली न्हाई म्हणं. आई मला सांगत हुती. औंदा लवकर माघारी आली. मी तुमचा नवा तक्ता लावलेला. बराच येळ बघत हुबी ऱ्हायली आन् मला म्हणती, गुरुजी, हिला काय झालंय? आजारी हाय व्हय?"

पद्माबाईंनी मांडीवरची गुंडाळी सोडली आणि आपला तक्ता छापलेल्याच्या शेजारी पसरला. किनार तीच होती. अक्षर तेच, केसभरही फरक नाही. तीन रंग तेच. फिती लाल. आणि मुलगी दुसरीच होती. ओठाचा वर गेलेला कोपरा सरळ झाला होता, नव्हे, खालीच आला होता. डोळ्यांखाली सावली होती. मान जराशी पुढं कललेली. बोट 'अ'कडंच होतं, पण दाखवायचं म्हणून दाखवल्यासारखं. ही मुलगी कुठं पाहिली आहे याचा त्यांना फार विचार करावा लागला नाही. रोज सकाळी वेणी घालताना पाहत होत्या.

लाज वाटली त्यांना. कापडावर नकळत काढलेली आपलीच तसबीर परक्या दुकानात उघडी पडली होती आणि दोन परपुरुष ती न्याहाळत होते. त्यांनी पदर उगाचच सारखा केला.

"जुन्यावाणी करून द्या," भाऊसो हळू आवाजात म्हणाले. "जूनमधी शाळा उघडायच्या आत. मी ही छापील समदी परत धाडतो, शब्द देतो. पर जुन्यावाणीच पायजे वैनी. न्हाई जमलं तर मला बी हीच ठेवावी लागत्याल. पोरं हिलाच वळखत्यात."

म्हणजे पुरी नऊ वर्षं पाठ मोडून जे जपलं ते जपलंच गेलं नव्हतं. आणि आता जमलं नाही तर चिंतामण सर खरंच वारल्यासारखेच. पद्माबाईंनी आपला तक्ता गुंडाळून घेतला.

"हा छापलेला एक द्या," मग त्या म्हणाल्या. "घरी जुना एकही नाही."

"न्या की. पैशे कशाचं वैनी?"

"नको. धंदा आहे." आणि आपल्याच घरातून गेलेला तक्ता त्यांनी पैसे मोजून विकत घेतला.

परतीच्या गाडीत झोप आली नाही. घरी पोचल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. शेजारीण सरांना भात भरवून गेली होती. पद्माबाईंनी हातपायसुद्धा धुतले नाहीत. दोन्ही तक्ते सरांच्या खाटेवर पायथ्याशी पसरले आणि सगळी हकीकत सांगितली. सर छापलेल्या तक्त्याकडं पाहत राहिले. हळदीच्या बोटापाशी त्यांचे डोळे थांबले, आणि मग दुसऱ्या तक्त्याकडं वळले. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. तेवढ्यावरून पद्माबाईंना कळलं.

"तुम्हाला दिसत होतं?"

सरांना बोलायला वेळ लागे. शब्द आधी तोंडात घोळवायचे, मग बाहेर. "हो."

"कधीपासून?"

"पुष्कळ... दिवस."

"आणि रोज 'ठीक' म्हणत होता? रोज समोर धरत होते मी. एकदाही नाही? किनार सुताएवढी वाकडी गेली की शाळेतल्या पोरांना उठाबशा काढायला लावणारे तुम्ही!"

"काय सांगू?" सरांनी डावा हात उचलला आणि पुन्हा ठेवला. "तू दमलीस... म्हणून ती दमली. तिला हास म्हणायचं... म्हणजे तुला..." पुढचं त्यांना जुळवता आलं नाही.

"मग म्हणायचं होतं मला!" पद्माबाईंचा आवाज चढला. त्या खाटेपाशी एवढ्या मोठ्यानं त्या कधी बोलल्या नव्हत्या. "म्हणायचं, पद्मा, हास. मी चिडले असते, भांडी आपटली असती. पण कुणीतरी बघतंय एवढं तरी कळलं असतं. मला वाटायचं, तुम्ही तक्ताच बघता."

सर रडले. डाव्या डोळ्यातलं पाणी त्यांना पुसता आलं, उजव्यातलं पद्माबाईंनी पुसलं, पण राग गेला नव्हता. राग ठेवूनच त्यांनी त्यांना पाणी पाजलं, कुशीवर वळवलं आणि स्वतः उपाशी निजल्या.

दुसऱ्या दिवशी कामाला लागण्यावाचून गत्यंतर नव्हतं. परत आलेले सगळे तक्ते त्यांनी सोडून पसरले. किनारी चांगल्या होत्या, अक्षरं चांगली होती. नवं कापड, नवा रंग घालण्यात अर्थ नव्हता. फक्त तोंडं बदलायची होती. बारक्या ब्रशानं प्रत्येक मुलीच्या तोंडावर पांढरा हात मारायचा, वाळू द्यायचा, छापलेल्या तक्त्यावरची मुलगी पातळ कागदावर गिरवून घ्यायची आणि ती इथं उतरवायची. नक्कल करणाऱ्याच्या छापावरून आपलीच नक्कल. पद्माबाईंना हसू यायला हवं होतं, पण नाही आलं.

पहिलं तोंड उतरवायला सबंध सकाळ गेली. ओठाचा तो कोपरा वर जाईना. गिरवलेल्या रेघेवर ब्रश ठेवला तरी हात सवयीनं खाली घसरे. तीनदा पुसलं. चौथ्या वेळी हात दुसऱ्या हातानं धरून रेघ ओढली आणि ती मुलगी हसली. त्यांनी तक्ता सरांपुढं धरला. सरांनी खूप वेळ घेतला, या वेळी 'ठीक' म्हटलं नाही. "हीच," म्हणाले. "हीच ती."

मग हात बसला. चार दिवसांत भिंतीला लागून हसणाऱ्या मुलींची रांग झाली. कोपराकडं बोट दाखवून हसणारी, पाढ्यांकडं बघून हसणारी, कृष्णेपाशी हसणारी. पाहुण्यांनी भरलेल्या लग्नघरासारखी खोली, आणि यजमानीणच तेवढी थकलेली. शेवटचा तक्ता मुळाक्षरांचा, दुकानात पसरला होता तोच. पद्माबाईंनी पांढऱ्या रंगात ब्रश बुडवला.

"पद्मा."

त्यांनी वर पाहिलं. सर कष्टानं मान वळवून बघत होते. तक्त्याकडं नव्हे.

"ती... राहू दे."

"कोण?"

"ती. एक... राहू दे. मला."

"मुळाक्षरांशिवाय संच कुणी घेतं का? पुरा संच द्यायचाय," पद्माबाई म्हणाल्या. "आता ही ठेवायची म्हणजे नवं कापड ताणा, पांढरा मारा, किनार भरा, सगळी अक्षरं पुन्हा लिहा. हात माझेच मोडायचेत."

"हो," सर म्हणाले. त्यांनी डोळे मिटले. पुन्हा मागितलं नाही.

ब्रशावरचा रंग टोकाशी जमून थेंब होऊ लागला होता. पद्माबाई त्या मुलीकडं बघत बसल्या. डोळ्यांखालची सावली त्यांनी काढली होती हे त्यांना आठवत नव्हतं, पण चांगली आली होती. हात धरून ओढलेल्या रेघेसारखी नव्हती. इतक्या वर्षांत कुणाचं न बघता काढलेलं तेवढंच होतं.

त्यांनी ब्रश डब्याच्या काठावर निपटला आणि रॉकेलात टाकला. कंबरेवर हात ठेवून उठल्या, फडताळातून मांजरपाटाचा तागा काढला आणि नवं कापड ताणायला घेतलं.